आत एक्केचाळीस, बाहेर बेचाळीस

१

ऑफिसात त्याला सगळे किल्लेदार म्हणत. आता किल्लेदार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे मिशा आणि तलवार आली असेल, तर ती कृपा करून बाजूला ठेवा. हा चष्मेवाला, पोट थोडं सुटलेला आणि डोक्यामागे टक्कल पडत चाललेला माणूस. पण टक्कल मागे असल्यामुळे, बायको कितीही सांगत असली तरी, ते त्याला मान्य नव्हतं. त्याच्या ताब्यात एक्केचाळीस शीतगृहांच्या किल्ल्या होत्या. किल्ल्या म्हणजे पासवर्ड.

कंपनीची शीतगृहं गावोगाव पसरलेली. प्रत्येकात एक छोटं कॉम्प्युटर थंडी मोजत बसलेलं. किल्लेदारानं रोज सकाळी आपल्या टेबलावरूनच त्या एकेकात शिरायचं, आत किती थंडी आहे ते बघायचं, सगळं ठीक आहे अशी नोंद करायची आणि बाहेर पडायचं. शिरायचं म्हणजे काळ्या पडद्यावर टाइप करायचं. मशीन विचारणार, नाव काय? हा नाव सांगणार. मशीन विचारणार, पासवर्ड? तो पाचच अक्षरांचा होता, कारण साहेबांच्या लक्षात त्याहून जास्त राहत नसे. किल्लेदाराच्या डोक्याला तो कधीच आठवायचा नाही, पण बोटांना चोख पाठ होता. टक टक टक, टक टक आणि एंटरवर ठोसा. असं एक्केचाळीस वेळा. मग कुठे चहा, तोही गार.

घरी गेलं तरी सुटका नव्हती. त्याच्या सात वर्षांच्या मुलीनं, मुंगीनं, दाराला पासवर्ड लावला होता. संध्याकाळी बेल वाजली की आतून आवाज यायचा, "कोण?"

"बाबा."

"कुठले?"

"इथलेच."

"काय आणलंस?"

"मला स्वतःला."

मग साखळी निघायची. तीन वेळा चुकलं तर आई सात वाजता लॅबमधून येईपर्यंत बाहेर उभं राहायचं. हा तीन चुकांचा नियम किल्लेदारानंच कौतुकानं शिकवला होता. सुरुवातीला त्यालाही मजा यायची. पुढे पुढे तो मोबाइलमध्ये डोकं घालूनच उत्तरं द्यायला लागला. बाकी कुठल्याही प्रश्नाला त्याच्याकडे एकच उत्तर असे, "हो, बघतो." बायको म्हणायची, "अरे, मी उद्या घर सोडून जाते म्हटलं, तरी तू हो, बघतो म्हणशील." यावर तो काय म्हणाला असेल ते तुम्हीच ओळखा.

२

एका सोमवारी किल्लेदार विटला. त्यानं आपल्या जागी काम करणारा एक प्रोग्राम लिहायला घेतला. यात काही जादू नाही. समोरून असं विचारलं की असं म्हण, एवढीच यादी. नाव विचारलं की नाव सांग. पासवर्ड विचारला की पासवर्ड दे. थंडी बघ, लिही, बाहेर पड, पुढचं दार.

पण मशीन्स म्हणजे काही शहाणी माणसं नव्हेत. एखादं मध्येच विचारायचं, "आपली ओळख नाही, तरी पुढे जायचं का?" दुसरं म्हणायचं, "जुनी नोंद पुसू का?" तिसरं काहीतरी तिसरंच. प्रत्येक प्रश्न आठवून यादीत घालता घालता किल्लेदाराच्या नाकीनऊ आले. शेवटी त्यानं यादीच्या तळाशी एक ओळ टाकली. आणखी काहीही विचारलं, तर "हो" म्हण आणि पुढे चल.

शेजारच्या टेबलावर फोनवाल्या बाई बसायच्या. आलेले फोन ज्याच्या त्याच्याकडे जोडून देणं हे त्यांचं काम, आणि मधल्या वेळात दुसऱ्याच्या पडद्यात डोकावणं ही आवड.

"काहीही विचारलं तरी हो?" त्या म्हणाल्या. "अहो, भलतंसलतं विचारलं तर?"

"बाई, ती मशीन्स आहेत. भलतंसलतं काय विचारणार?"

"माझं आपलं सांगायचं काम. आमच्याकडे एकदा हे असेच हो म्हणाले होते, तर त्यांची आत्या चार महिने राहून गेली."

प्रोग्राम सुटला आणि चार मिनिटांत परत आला. पडद्यावर शेवटची ओळ होती, "आत: ४१. बाहेर: ४१." किल्लेदार आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसचा चहा गरम प्यायला आणि त्याची जीभ भाजली. तरीसुद्धा तो दिवसभर खुशीत होता.

३

गुरुवारी ओळ आली, "आत: ४१. बाहेर: ४२."

किल्लेदार हसला. मोजणीत एक इकडचा तिकडे होणं ही या धंद्यातली रोजची सर्दी आहे. त्यानं मोजणीची ओळ तपासली. बरोबर होती. बोटांवर मोजून बघितलं. बरोबर. प्रोग्राम परत सोडला. आत एक्केचाळीस, बाहेर एक्केचाळीस. म्हणजे सकाळी जो एक जास्तीचा आला तो आलाच, आता कोणी नवीन नाही.

मग त्यानं सगळं संभाषण उघडलं. कोणी काय विचारलं, प्रोग्रामनं काय उत्तर दिलं, त्याची ओळीनं नोंद होती. अठ्ठावीस मशीन्सपर्यंत काही वावगं नव्हतं. एकोणतिसावं शीतगृह खरं तर तीन वर्षं रिकामं पडलेलं. माल नाही, माणूस नाही, पण यादीतून काढायचं कोणाला सुचलं नाही, म्हणून तिथली थंडी रोज मोजली जायची. उणे अठरा. त्या नोंदीत, थंडी लिहून झाल्यावर आणि बाहेर पडायच्या आधी, एक प्रश्न होता.

"सोबत येऊ?"

आणि खाली उत्तर, "हो."

किल्लेदारानं चष्मा पुसला. ओळ तशीच. कोणी तरी मेकॅनिकनं कधी काळी गंमत करून ठेवली असेल, असं त्यानं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, मनाला दटावून गप्प बसवलं. नोंद बंद केली आणि चहा घ्यायला गेला. चहाच्या खिडकीतल्या मावशी म्हणाल्या, "आणखी एक? आत्ताच तर नेलात."

४

पुढचे दहा दिवस, खोटं कशाला बोला, किल्लेदाराचे फार सुखात गेले.

सकाळी तो गेटवर आला की वॉचमनकाका म्हणायचे, "परत कुठे गेला होता साहेब?" वर हजेरीच्या वहीत त्याची सही आधीच झालेली असायची. सही त्याचीच, शेवटच्या अक्षराला तीच आळशी शेपटी. सोमवारची मीटिंग चुकली म्हणून तो धापा टाकत पोचला, तर सगळे बाहेर पडत होते आणि साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"छान बोललात आज."

"काय बोललो?"

"हो म्हणालात. मध्ये एकदा हो, बघतो म्हणालात. बाकीचे उगाच फाटे फोडत बसले होते."

सुरुवातीला किल्लेदार चरकला. मग त्याच्या मनानं समजूत काढली. गेटवरच्या काकांचे डोळे अधू झालेत. सही आपणच केली असेल, आपल्या तरी काय लक्षात राहतं? मीटिंगमध्ये कोण कोणाकडे बघतं? एवढ्या समजुती काढून झाल्यावर तो केस कापायला गेला. भर दुपारी, ऑफिसच्या वेळेत. परत आला तेव्हा त्याची खुर्ची गरम होती.

"बाई, इथं कोणी बसलं होतं?"

फोनवाल्या बाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही," त्या म्हणाल्या. "आणि केस कधी कापलेत? आत्ता तर नव्हते कापलेले."

त्याच दुपारी भिंतीपलीकडच्या खोलीतून आवाज आला. त्या खोलीत जुनी टेबलं रचलेली, बाहेरून कुलूप. टक टक टक, टक टक आणि ठोसा. थोडं थांबून परत तेच. किल्लेदारानं स्वतःच्या बोटांकडे बघितलं. ती टेबलावर गपगार पडली होती. तो उठला, भिंतीला कान लावला, आणि भिंतीला कान लावून उभ्या असलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात ते दिसल्यावर परत येऊन बसला.

बंद करून टाकावा का हा प्रोग्राम, असं त्याच्या मनात आलं. पण लगेच त्याला गार चहा आठवला. माणसाचं असंच असतं बघा. भीती एकीकडे आणि सोय एकीकडे ठेवली, तर आधी सोयच उचलतो.

५

घरी सासूबाई असायच्या. दुपारी मुंगी शाळेतून आली की तिच्याजवळ तेवढ्याच. ऐकू कमी यायचं, त्यामुळे टीव्हीचा आवाज सगळ्या बिल्डिंगला. एका संध्याकाळी सहा वाजता किल्लेदार घरात शिरला, तर टीव्हीवरची नजर न हलवता त्या म्हणाल्या, "जावईबापू, आज दोनदा आलात? मगाशी आलात ते बोलला नाहीत, टेबलाशी बसून बोटं वाजवत होतात. नंतर दिसला नाहीत."

ऑफिसात त्याच्या जागी कोणी बसलं तर बसो. पण हे घर होतं, आणि घरात मुंगी होती.

"मुंगी, मगाशी कोण आलं होतं?"

"बाबाच," मुंगी चित्र रंगवत म्हणाली. "पासवर्ड सांगितला की सगळा."

रात्री त्यानं बायकोला सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "म्हणजे आता घरी दोन आणि ऐकणारा एकही नाही," आणि कूस बदलून झोपली.

सकाळी तो नेहमीपेक्षा लवकर निघाला. प्रोग्राम बंद करायचा, नुसता बंद नाही, पुसूनच टाकायचा. तो कसा पुसायचा याचा विचार करत आणि मोबाइल बघत तो बूट घालत होता, तेव्हा मुंगी जवळ येऊन काहीतरी विचारत होती. बराच वेळ विचारत होती. किल्लेदार म्हणाला, "हो, हो," आणि निघाला.

ऑफिसात पोचल्या पोचल्या त्यानं प्रोग्राम पुसला. त्याची प्रत पुसली, प्रतीची प्रत पुसली. मग एक्केचाळीस दारं स्वतःच्या हातानं उघडली आणि लावली. एकोणतिसाव्यात शिरल्यावर मशीननं नेहमीसारखं सांगितलं की आधी इथं कोण, कधी येऊन गेलं. किल्लेदाराचंच नाव होतं. वेळ होती आजची, सकाळची सव्वाआठ. सव्वाआठला तो घरी बूट घालत होता.

दिवसभर काही घडलं नाही. साडेचारला त्याच्या मोबाइलवर ओळ आली. जो प्रोग्राम आता कुठेच नव्हता, त्याची ओळ.

"आत: ०. बाहेर: १."

फोनवाल्या बाई सांगतात की किल्लेदार इतक्या जोरात पळताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.

६

जिन्याच्या चार पायऱ्या एकदम चढत तो दारात पोचला आणि बेल दाबली. आत टीव्ही गर्जत होता.

"कोण?"

"बाबा!"

"कुठले?"

"इथलेच गं. उघड."

"काय आणलंस?"

"मला स्वतःला. मुंगी, दार उघड!"

दार उघडलं नाही. थोड्या वेळानं मुंगी दाराजवळ तोंड आणून म्हणाली, "पण बाबा तर आत आलेत."

टीव्हीवर जाहिरात संपून क्षणभर शांतता झाली, आणि त्या शांततेत किल्लेदाराला ऐकू आलं. जेवणाच्या टेबलावर बोटं वाजत होती. टक टक टक, टक टक, ठोसा.

"मुंगी, तो मी नाही."

"तोही तेच म्हणतोय," मुंगी म्हणाली. तिचा आवाज आता खेळातला नव्हता. "थांबा दोघंही. मी नवीन प्रश्न विचारते. तीनच चान्स, दोघांत मिळून. सकाळी मी तुला काय विचारलं?"

आतून, तिच्या मागून, एक आवाज आला. किल्लेदारानं तो आवाज कधीतरी फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकला होता आणि हा आपला नव्हेच, असं म्हणाला होता.

"हो," आवाज म्हणाला.

"चूक."

"हो, बघतो."

"चूक. आता एकच राहिला."

किल्लेदारानं तोंड उघडलं, आणि काय सांगू, त्याच्याही जिभेवर अगदी पुढे आलं होतं ते "हो, बघतो"च. ओठ आवळून त्यानं ते गिळलं. सकाळ आठवायची शिकस्त केली. मोबाइल आठवला, बुटाची नाडी आठवली. मुंगीचं तोंड हलत होतं ते आठवलं. शब्द एकही नाही. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

"मुंगे," तो दाराला कपाळ टेकून म्हणाला, "मला माहीत नाही गं. तू विचारत होतीस आणि मी ऐकलंच नाही. चुकलो मी."

बोटांचा आवाज थांबला.

"बरोबर," मुंगी म्हणाली, आणि साखळी निघाली.

ती दारात उभी होती. बाहेर उकाड्यानं घाम फुटत होता आणि तिनं जाड स्वेटर घातला होता. हातमोजे, लोकरीची टोपी, पाठीवर शाळेचं दप्तर.

"हे काय गं?"

"तो बाबा म्हणाला, तिथं थंडी असते." मुंगीनं त्याच्या पोटाला मिठी मारली. "तो काल विचारत होता, सोबत येतेस का. मी म्हटलं, बाबांना विचारते. मग सकाळी विचारलं तुला, जाऊ का त्याच्यासोबत. तू म्हणालास, हो, हो."

किल्लेदारानं तिला उचलून कवटाळलं. तिच्या खांद्यावरून त्याला आतली खोली दिसली. टेबलापासून मागे सरकवलेली खुर्ची. आणि स्वयंपाकघराच्या वळणावर, जाता जाता दिसलेलं एक डोकं, मागच्या बाजूनं. चांगलं वाटीएवढं टक्कल. बायको म्हणायची त्यात काही खोटं नव्हतं तर.

"नाही!" किल्लेदार ओरडला. "नाही, नाही, नाही!" बिल्डिंगमधली दोन दारं उघडली. सासूबाईंनीसुद्धा टीव्हीवरून मान वळवली.

"मी काही विचारलंय का?" त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. तिथून बाहेर जायला दार नव्हतं. फ्रिज मात्र उघडा होता.

७

त्यानंतर किल्लेदार एक्केचाळीसही दारं स्वतःच्या हातानं उघडू लागला. चहा गार पिऊ लागला. कुठल्याही प्रश्नाला आधी "नाही" म्हणू लागला आणि मग नीट ऐकून घेऊ लागला. साहेबांना हे आवडलं नाही, बायकोला मात्र फार आवडलं. एकोणतिसावं शीतगृह कायमचं बंद करा म्हणून त्यानं इतका लकडा लावला, की साहेबांनी कंटाळून तिथं मेकॅनिक पाठवला.

मेकॅनिकनं दुपारी आतून फोन केला.

"किल्लेदार, मशीन काढलं बघा. खोली पार रिकामी आहे, बर्फ नुसता. मधोमध एक खुर्ची ठेवलीये कोणीतरी. मी जरा टेकलो, तर ही खुर्ची गरम कशी हो?"

किल्लेदार उभाच राहिला. "तुम्ही किती जण आत गेलात?"

"मी एकटाच."

"मग एकटेच बाहेर या. ऐकताय ना? कोणी काहीही विचारलं तरी नाही म्हणा."

"कोण विचारणार इथं?" मेकॅनिक हसला. मग त्याचा आवाज फोनपासून दूर गेला. "आँ? हो, हो, या की."

फोन बंद झाला. परत लावला तर लागेना. किल्लेदारानं तो टेबलावर टाकला, फोनवाल्या बाईंच्या हातातला रिसीव्हर ओढून घेतला आणि घरचा नंबर फिरवला. टीव्हीच्या गर्जनेतून मुंगीचा आवाज आला.

"मुंगी, नीट ऐक. मी येतोय, पण आज दार कोणालाच उघडायचं नाही. आई सात वाजता येईल, ती तिच्या किल्लीनं दार उघडेल, फटीत तीच दिसली की साखळी काढ. तोपर्यंत कोणाला नाही. मलासुद्धा नाही."

"हो," मुंगी म्हणाली. तिकडे रंगाच्या डब्या खुडबुडत होत्या.

"हो काय? मी काय सांगितलं?"

"कोणालाच उघडायचं नाही. तुलासुद्धा नाही." डब्यांची खुडबुड थांबली. "पण मग तू आलास तर तो तूच आहेस, हे मला कसं कळणार?"

किल्लेदारानं विचार केला. खूप विचार केला. फोनवाल्या बाई त्याच्याकडे बघत होत्या. भिंतीपलीकडच्या कुलूपबंद खोलीत काहीच वाजत नव्हतं.

"माहीत नाही गं," तो म्हणाला.

"बरोबर," मुंगी म्हणाली, आणि साखळी लावायला गेली.